ग्रानलीडची न मोडणारी भाकरी

१

सातूच्या पिंपात नातानाएलने हात घातला. तो कोपरापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मूठ बाहेर काढून त्याने माझ्यासमोर उघडली. मुठीत भुसा होता.

"लेवी, तू बघ जरा," तो म्हणाला. "माझे डोळे म्हातारे झालेत."

माझे डोळे त्याच्या डोळ्यांपेक्षा सहा वर्षांनी मोठे, पण भुसा ओळखायला तरुण डोळे लागत नाहीत. वर चार बोटं सातू, त्याखाली अर्ध्या पिंपापर्यंत नुसता भुसा. तीन पिंपांपैकी एकातलं अर्धं बियाणं गेलं होतं. कोठाराचं कुलूप जागेवर होतं, त्याच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

ते साल १८६७. मे संपेपर्यंत आमच्या गोठलेल्या तळ्यावरून घसरगाड्या जात होत्या, आणि बर्फ सुटला तो अर्धा जून उलटल्यावर. उशिरा पेरलेला सातू सप्टेंबरच्या पहिल्या दंवात काळा पडला. त्याचं पीठ गोडसर आणि गोंदासारखं चिकट व्हायचं, भाकरी तव्यावरच पसरायची. उत्तरेतल्या आमच्या साऱ्या ग्रानलीड गावात निरोगी धान्य उरलं होतं ते फक्त देवळाशेजारच्या कोठारात. दोन वर्षांपूर्वीचा तो सातू पुढच्या वसंतात पेरायचा होता. तो गेला तर पुढचं सालही गेलं.

दर दुसऱ्या सोमवारी हा सातू फावड्याने तळापासून उलथायचा, नाहीतर त्याला आतून ऊब चढते. उलथताना दोघं हवेत: देवळाचा कारभारी, म्हणजे नातानाएल, आणि एक साक्षीदार. मी चाळीस वर्षं इथल्या पोरांना वाचायला शिकवलं, म्हणून साक्षीचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

"किल्ली कुठे होती?" मी विचारलं.

"पाद्रीसाहेबांनी सांगितली तिथेच. घंटेच्या मनोऱ्यात, तिसऱ्या पायरीखाली." नातानाएलने मूठ झटकली. "गुरुवारी ते मदतीचं धान्य मागायला किनाऱ्यावर गेले. घर रिकामं, म्हणून किल्ली लपवली आणि मला चिठ्ठी पाठवली. जागा त्यांना ठाऊक आणि मला ठाऊक."

"आणि चिठ्ठी आणली कोणी?"

त्याने पिंपाचं झाकण लावलं. मग खाली बघत म्हणाला, "युडितने."

२

युडित पाद्रीसाहेबांकडे धुणं धुवायची. नवरा कोन्राड दोन वर्षांपूर्वी दक्षिणेला रेल्वेचे रूळ टाकायला गेला, तो अजून परतला नव्हता. घरात दोन मुलं, नऊ वर्षांची हेडा आणि सहा वर्षांचा आमोस. कोठाराची जमीनही तीच झाडायची.

बुधवारी फौजदार बेर्गवाल आले. उंच माणूस, दक्षिणेकडचा, कामाला प्रामाणिक आणि चुलीच्या उबेला लोभी. त्यांनी युडितला माझ्या शाळेच्या बाकावर बसवलं आणि स्वतः चुलीपाशी टेकले.

"चिठ्ठीला मोहोर होती?"

"नाही, साहेब. नुसती घडी."

"तू उघडलीस?"

युडितने मान खाली घातली. "वाचली नाही मी. मला हाताचं अक्षर वाचता येत नाही."

फौजदारांनी टेबलावरची वही पुढे ओढली. पाद्रीसाहेब दरवर्षी घरोघर जाऊन प्रत्येकाचं वाचन तपासतात आणि वहीत शेरा लिहितात. "युडित, कोन्राडची बायको," त्यांनी वाचलं. "वाचन उत्तम. गावात पहिला नंबर."

"ते छापलेलं, साहेब. प्रार्थनेचं पुस्तक मी डोळे मिटूनही वाचते. हाताचं अक्षर वेगळं. ते सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं."

"आणि हे?" त्यांनी दुसरा कागद काढला. मदत मागणाऱ्यांची ती यादी होती. बाकीच्यांनी आपापल्या घराची खूण काढली होती, कोणी फुली, कोणी कुऱ्हाड. युडितने मात्र हाताच्या अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

"ते कोन्राडने शिकवलं," ती म्हणाली. "विणकामाचा नमुना पाठ करावा तसं. त्यातलं अक्षर न् अक्षर वेगळं काढा म्हणाल तर मला नाही काढता येणार."

"बाई, ज्याला हाताचं अक्षर लिहिता येतं त्याला ते वाचताही येतं." फौजदारांनी हे रागाने म्हटलं नाही. दोन आणि दोन चार म्हणावेत तसं म्हटलं. "तुझी मुलं उपाशी आहेत. मलाही दोन आहेत. पण बियाणं म्हणजे बियाणं."

"माझ्या झोपडीत शोधलंत ना? एक दाणा तरी मिळाला?"

"विकला असशील."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही सांगा ना यांना. माझं पत्र तुम्हीच वाचून दाखवता की नाही?"

"वाचतो," मी म्हणालो.

"म्हणजे ती तुमच्याकडे पत्र आणते," फौजदार म्हणाले. "येत असूनही आणत असेल. येत नाही याला पुरावा काय, मास्तर?"

पुरावा होता. माझ्याकडेच होता, आणि जगात तो दुसऱ्या कोणाकडे असणं शक्य नव्हतं. मी चुलीत लाकूड सारलं.

"रविवारी प्रार्थनेनंतर गावाची सभा आहे," फौजदारांनी वही मिटली. "तोवर दुसरं काही पुढे आलं नाही तर बाईंना मी किनाऱ्यावरच्या तुरुंगात नेईन. मुलांची सोय गाव करेल."

ती सोय कशी होते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पोराला टेबलावर उभं करायचं. ते सांभाळण्यासाठी गावाकडून सगळ्यांत कमी पैसे जो मागेल, त्याच्या घरी पोर जायचं. दोन पोरं, बहुतेक दोन वेगळी घरं.

३

युडित गेल्यावर मी एकटा बसलो आणि मुलांना गणित शिकवताना करतो तसं केलं: काय ठाऊक आहे ते आधी मांडलं.

चोराने भुसा खाली भरून वर सातू पसरला होता. म्हणजे चोरी बराच काळ लक्षात येऊ नये अशी त्याची इच्छा. पण ग्रानलीडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की दर दुसऱ्या सोमवारी सातू तळापासून उलथतात. चार दिवसांत भुसा वर येणारच होता. मग असा व्यर्थ खटाटोप कोण करेल? ज्याला आमच्या सोमवारची कल्पनाच नाही तो. युडित तर त्या फावड्यांखालची जमीन झाडायची.

हे मी फौजदारांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, घाबरलेला माणूस विचार करत नाही. म्हणून मी आधी तळ्यापलीकडे नातानाएलकडे गेलो.

"ती चिठ्ठी अजून आहे?"

"आहे की. पाद्रीसाहेबांचा कागद मी जाळत नाही." त्याने बायबलमधून चिठ्ठी काढून दिली.

मी ती बोटांत धरली. कागदाला लाटा आल्या होत्या आणि तो कडकडीत झाला होता. शाई एका जागी पसरली होती. पाठीवर पिठासारखा एक पांढुरका डाग होता.

"गुरुवारी पाऊस होता ना?"

"पाऊस आणि गारठा दोन्ही. युडित दारात आली तेव्हा तिच्या शालीतून पाणी निथळत होतं."

"आणि चिठ्ठी?"

नातानाएल विचार करू लागला. घाईने उत्तर द्यायची त्याला सवय नाही. "चिठ्ठी कोरडी होती. पापडी वाळवावी तशी. मला तेव्हा काही वाटलं नाही, लेवी."

ओल्या शालीतून कोरडी चिठ्ठी आली होती. म्हणजे ती आधी भिजली आणि मग कुठेतरी आगीजवळ वाळली. घडी घातलेला कागद आतून वाळत नाही, तो उघडावा लागतो. पाद्रीसाहेबांच्या घरापासून इथपर्यंतच्या वाटेवर आग पेटलेली एकच जागा आहे.

मी परतताना युडितच्या झोपडीवर थांबलो. ती दारात बसून पिठात मिसळायला झाडाची साल किसत होती.

"गिरणीवर थांबली होतीस?"

तिचा हात थांबला. "पाद्रीसाहेब म्हणाले होते, सरळ जा. पण मालेनाताईंनी हाक मारली. सूप होतं त्यांच्याकडे. माशाचं." तिने पुन्हा साल किसायला घेतली. "पोरांना उपाशी ठेवून मी ते प्यायले. म्हणून नाही सांगितलं कोणाला."

४

गिरणीवाला इसाक आणि त्याची बायको मालेना दोघंही माझे जुने विद्यार्थी. दोघंही छापलेलं अडखळत वाचतात आणि सहीला चाकाची खूण काढतात. त्यांच्या वरच्या खोलीत तीन आठवड्यांपासून एक पाहुणा होता, थोरेल नावाचा तरुण. सरकारी मदतीच्या लोकांनी त्याला गावोगाव पाठवलं होतं. पांढरं शेवाळ राखेच्या पाण्यात भिजवून, उकळून, वाळवून, दळून त्याची भाकरी कशी करायची, हे तो बायकांना शिकवायचा. लोक त्याला शेवाळमास्तर म्हणायचे. मला मग खरे मास्तर म्हणू लागले, ही त्याची माझ्यावर कृपाच.

"या, खरे मास्तर," मालेना म्हणाली. "शेवाळाची भाकरी चालेल ना? दुसरं काही मागू नका, मिळणार नाही."

"गुरुवारी युडित आली होती?"

"आली होती. काय ती भिजलेली. तिच्याकडे पाद्रीसाहेबांचा कागद होता, तोही पार ओला. मीच उघडून त्या दांड्यावर टांगला, भाकऱ्यांच्या शेजारी." तिने चुलीवरच्या दांड्याकडे बोट दाखवलं. आमच्याकडे भाकरीला मधोमध भोक असतं, दांड्यात ओवून ती वर टांगतात. "वाचायला गेले असते तरी काय वाचणार होते? मुंग्या चालल्यासारखं अक्षर."

"घरात कोण कोण होतं तेव्हा?"

"मी, हे आणि शेवाळमास्तर. ते चुलीपाशी उभं राहून शेवाळ ढवळत होते. मास्तर, युडितला खरंच नेणार का हो?"

मी दांड्याकडे पाहत होतो. तिथे सहा भाकऱ्या होत्या. पाचांचे तुकडे पडून खाली परातीत गोळा झाले होते. सहावी अख्खी लटकत होती.

"ही कोणाची?"

"ती शेवाळमास्तरांची. शनिवारी पाद्रीसाहेबांच्या अंगणात करून दाखवली ना त्यांनी, त्यातली. अगोदरच्या दोन शनिवारी त्यांचीही मोडली होती. आम्ही हसलो तर पोराचे कान लाल झाले. या शनिवारी मात्र एकही मोडली नाही. रविवारी आम्ही तसंच केलं, तेच शेवाळ, तेवढाच वेळ, तर सगळा चुरा. आमचेच हात वाईट म्हणायचे."

"एक तुकडा देशील?"

मी तो चावला. शेवाळाचा कडवटपणा होता, पण त्याखाली एक ओळखीची चव होती, जी सबंध उन्हाळ्यात माझ्या जिभेवर आली नव्हती. मग दातात काहीतरी टोचलं. मी ते बोटाने काढून खिडकीच्या उजेडात धरलं. सातूचं कुसळ होतं.

दंव लागलेल्या सातूची भाकरी अशी खणखणीत होत नाही, ती चिकटते. आणि निरोगी सातू साऱ्या गावात एकाच कोठारात होता.

५

थोरेल वरच्या खोलीत अहवाल लिहीत होता. चेहरा माझ्या शेवटच्या वर्गातल्या पोरांइतका कोवळा, बोटांना राखेच्या पाण्याने भेगा पडलेल्या. मी फौजदारांना सोबत घेऊन गेलो होतो. मी कुसळ त्याच्या कागदावर ठेवलं.

तो ते बघत राहिला. मग त्याने मान वर केली. "हो, सातू घातला मी थोडासा. विकत घेतला होता."

"कोणाकडून?" फौजदारांनी विचारलं.

"शुक्रवारी एक बाई घेऊन आली. ती धुणं धुणारी. मला काय ठाऊक तो कुठला आहे?" तो इतक्या हळू बोलला की खोटं बोलणारा असा बोलेल असं कोणाला वाटू नये.

फौजदार माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, दमणूक होती. "आता विकलेला मालही सापडला, मास्तर. तुम्हीच शोधून दिलात."

"हा खोटं बोलतोय. चिठ्ठी त्याच्यासमोर उघडी टांगली होती. आणि सोमवारी सातू उलथतात हे त्याला ठाऊक नव्हतं."

"असेलही. पण चिठ्ठी तिच्याही हातात होती. एकीकडे सरकारने पाठवलेला माणूस, दुसरीकडे उपाशी बाई. मी कोणाचं ऐकू? तिला ती चिठ्ठी वाचताच आली नसती, एवढं एक दाखवा. मग मी याला विचारेन."

मी जिना उतरून शाळेच्या वाटेला लागलो.

एखाद्याला वाचता येतं हे दाखवणं सोपं आहे, पुस्तक समोर धरायचं. पण वाचता येत नाही हे कसं दाखवणार? जे येतं ते लपवता येतं. अडखळणं, चुकणं, रडणं, सगळ्याचं सोंग आणता येतं. आपल्याला वाचता येत असतं तर जे आपण कदापि केलं नसतं, असं काहीतरी त्या माणसाने आधीच केलेलं असलं, तरच ते सिद्ध होतं.

युडितने ते सहा महिने केलं होतं.

मार्चमध्ये कोन्राडचं पत्र आलं. ती धावत माझ्याकडे आली, दोन्ही मुलं मागे. मी चष्मा लावला आणि मनात वाचलं. त्यात सात ओळी होत्या. तो परत येणार नव्हता. योतेबोर्ग बंदरातून अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर त्याने दोन जागा घेतल्या होत्या, एक स्वतःची आणि एक दुसऱ्या कोणाची. मुलं गावाच्या हवाली कर, असं त्याने लिहिलं होतं.

हेडा माझ्या खुर्चीला धरून उभी होती. मी तोंड उघडलं आणि दुसरंच पत्र वाचलं. काम जड आहे पण प्रकृती बरी आहे, तुझी आठवण येते, हेडासाठी लाल हातमोजे पाहून ठेवलेत, आमोसला मासे धरायला शिकवीन, बर्फ सुटला की येतो. एक-दोन महिन्यांत पोस्टाने दुसरं पत्र येईल, कळायचं ते कळेल, तोवर हिवाळा तरी सरेल, असा मी विचार केला होता. दुसरं पत्र आलं नाही. आणि त्या वर्षी बर्फ सुटेना. सबंध मे महिना ती रोज तळ्याच्या काठावर उभी राहिली.

शनिवारी सकाळी मी फौजदारांकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं.

"आणि हे पत्र तिच्याकडे आहे?"

"प्रार्थनेच्या पुस्तकात. रोज काढून बघते."

"तुम्हाला कळतंय ना मास्तर, ती सुटेल ती कशाने?"

"कळतंय. एकच मागणं आहे. तुम्ही वाचाल ते मनात वाचा."

६

रविवारी प्रार्थना संपली. लोक देवळातच थांबले होते. कोणीतरी टेबल आणून पुढे ठेवलं होतं, त्याचे पाय दगडी जमिनीवर घासल्याचा आवाज आतपर्यंत आला. देवळामागच्या छोट्या खोलीत आम्ही पाच जण होतो: फौजदार, नातानाएल, थोरेल, युडित आणि मी. हेडा आणि आमोस बाहेर पहिल्या बाकावर बसले होते, आणि दार बंद होईपर्यंत युडितने त्यांच्यावरची नजर काढली नव्हती.

"बाई, नवऱ्याचं पत्र आहे तुझ्याकडे?" फौजदारांनी विचारलं.

"आहे की." ती थोडी गोंधळली, मग पुस्तकातून तिने ते काढलं. घड्यांवर कागद विरला होता. "कशाला हवंय, साहेब?"

"काय लिहिलंय त्यात?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. तिने पत्र टेबलावर पसरलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्या शाळेत छापलेलं वाचताना ठेवायची तसंच.

"माझी युडित," ती म्हणाली, आणि बोट सरकू लागलं. आवाज स्वच्छ होता, थोडा अभिमानाचाही. "काम जड आहे, पण माझी प्रकृती बरी आहे. तुझी आठवण येते. हेडासाठी मी लाल हातमोजे पाहून ठेवलेत..."

बोट सातव्या ओळीच्या शेवटाला पोचलं. खाली कोन्राडचं नाव होतं, त्याखाली कोरा कागद. पण तिच्यापाशी अजून दोन वाक्यं शिल्लक होती. तिचं बोट क्षणभर कोऱ्या जागेवर थांबलं. मग तिने ते उचललं, परत वरच्या ओळीवर ठेवलं आणि पुढे म्हणाली, "आमोसला मासे धरायला शिकवीन. बर्फ सुटला की येतो."

फौजदारांनी पत्र उचललं, खिडकीशी नेलं आणि पाठ आमच्याकडे करून वाचलं. सात ओळी वाचायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा ते बराच वेळ तिथे उभे राहिले. मग त्यांनी पत्राची घडी घातली, दोन्ही हातांनी तिला परत दिलं आणि नातानाएलला म्हणाले, "या बाईला हाताचं अक्षर वाचता येत नाही. माझी खात्री झाली. कारण मी सांगणार नाही, आणि कोणी विचारायचं नाही."

नातानाएलने मान डोलावली.

"म्हणजे किल्ली कुठे आहे ते हिला ठाऊक नव्हतं," फौजदार थोरेलकडे वळले. "मग शुक्रवारी हिने तुम्हाला सातू विकला, तो आणला कुठून?"

थोरेलने ओठ ओले केले. "दुसरी कोणी बाई असेल. मी नीट..."

"चिठ्ठी दांड्यावर टांगली होती. तुम्ही तिथे उभे होतात. त्या घरात मुंग्यांसारखं अक्षर वाचणारा दुसरा कोण होता?"

तो बाकावर बसला. "उरलेला माझ्या पेटीत आहे," तो म्हणाला. "खाण्यासाठी नाही हो घेतला. एक घाससुद्धा नाही. मी अकरा वेळा भाकरी केली. अकराही वेळा चुरा झाला. वरून पत्र येत होतं, भाकरी अख्खी राहते का, लोक खातात का, कळवा. आणि बायका हसत होत्या. मला वाटलं, एकदा अख्खी दिसली की विश्वास बसेल. विश्वास बसला की खातील, आणि खाल्लं की वाचतील."

"आणि ही बाई?" नातानाएलने प्रथमच तोंड उघडलं. "हिची पोरं बाहेर टेबलासमोर बसलीत."

थोरेलने युडितकडे पाहिलं नाही. "तेवढा पुढचा विचार मी केला नव्हता," तो म्हणाला.

मला त्याला बोल लावता आला नाही. त्याने शेवाळात सातू मिसळला होता, मी कोन्राडच्या सात ओळींत स्वतःच्या ओळी. दोघांनाही काहीतरी अख्खं दाखवायचं होतं.

नातानाएल उठला, दार उघडून बाहेर गेला आणि स्वतःच्या हातांनी टेबल उचलून भिंतीला लावलं. "सभा नाही," तो लोकांना म्हणाला. "घरी जा. हेडा, आमोस, आत या, आई बोलावतेय."

७

पोरं आली, आईला बिलगली. तिने एकाच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि दुसऱ्याचा हात धरून ठेवला, सोडला नाही. फौजदार थोरेलला घेऊन गेले.

मुलं पुढे गेल्यावर ती देवळाच्या पायऱ्यांवर माझ्यापाशी थांबली.

"मास्तर, पत्र वाचल्यावर फौजदारांनी माझ्याकडे असं का बघितलं? कोणी मेल्यावर बघतात तसं?"

चाळीस वर्षांत मुलांनी मला पुष्कळ अवघड प्रश्न विचारले होते. मी कठड्याला धरलं. "युडित, मी तुला जे वाचून दाखवलं, ते त्या कागदावर नाही."

ती तळ्याकडे वळली. मग म्हणाली, "कोन्राड जिवंत आहे?"

"आहे."

"बस. पुढचं सांगू नका." तिने पुस्तक छातीशी धरलं. "दुसऱ्याच्या तोंडून मी एकदा ऐकलं, आता पुन्हा नको. मला हाताचं अक्षर शिकवा."

ऑक्टोबरच्या अखेरीस, किनारा गोठायच्या आत, मदतीचं जहाज पोचलं. आमच्या वाट्याला राय धान्याच्या वीस गोण्या आल्या. बायका आता भाकरीत दोन मुठी शेवाळ आणि बाकी राय घालतात आणि ती दांड्यावर लटकते. बियाणं परत पिंपात गेलं, फक्त दोन शेर कमी. तेवढ्याची किंमत नातानाएलने स्वतःच्या पदरची देवळात भरली.

युडित आठवड्यातून तीन दिवस, धुणं उरकून, शाळेत यायची. सगळ्यांत मागच्या बाकावर हेडाच्या शेजारी बसायची. गुडघे बाकाखाली मावायचे नाहीत, आडवे करून बसायची. पहिल्या आठवड्यात आमोस तिला हसला, दुसऱ्या आठवड्यात तिच्या पाटीवर डोकावून चुका दाखवू लागला. मी तिला कधीच घाई केली नाही. पत्र कुठे आहे तेही विचारलं नाही. मला माझी भीती होती, आणि ती माझी मी सांभाळत होतो.

जानेवारीत एका दुपारी मुलं घरी गेली तरी ती बसून राहिली. बाहेर बर्फावर ऊन होतं. तिने पत्र काढलं, बाकावर पसरलं आणि बोट न ठेवता वाचलं. मी चुलीशी उगाच लाकडं रचत होतो. ती सातव्या ओळीपर्यंत गेली, परत वर आली, पुन्हा खाली गेली. रडली नाही. शेवटी तिने कागदाची घडी घातली.

"तुमचं पत्र जास्त चांगलं होतं, मास्तर," ती म्हणाली.

मी हातातलं लाकूड चुलीत सारलं.

"पण त्याच्या भरवशावर मी सबंध मे महिना काठावर उभी राहिले. तेवढ्या वेळात जंगलातून भाकरीसाठी झाडांची कितीतरी साल आणली असती." तिने पाटी पुसली आणि पुढ्यात घेतली. "आता उत्तर कसं लिहायचं ते दाखवा. फक्त अक्षरं दाखवा. काय लिहायचं ते माझं मी बघेन."